लो-कार्बच्या नावाखाली रोज अर्धा किलो मटण: तब्येतीला चालतं का? (चर्चा, बोलणारे टोपणनावांनी)

शेगडी
इंदुरात सकाळ उजाडते पोहे-जलेबीने. ६० ग्रॅम सुके पोहे म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास कार्ब (पिष्ट आणि साखर), जलेबी आणि वरची सेव वेगळीच. रविवारी दाल-बाफला, म्हणजे वरणासोबत उकडून भाजलेला कणकेचा गोळा. एका बाफल्यात ६०-७० ग्रॅम कणीक गेली तर ४०-४५ ग्रॅम कार्ब, वर तो तुपात बुडवलेला. शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि पोटाचा घेर यांना एवढं पुरतं. देशभरात मधुमेह मोजणाऱ्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत आपल्या एकूण कॅलरीतल्या सुमारे ६२ टक्के कार्बमधून येतात असं निघालंय, तरी ताटाकडे बोट दाखवताना सगळ्यांना मटणच दिसतं.
माझं म्हणणं असं: टाइप-२ मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असलेल्या, पण किडनी धड असलेल्या माणसाने कार्ब दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणावेत आणि मटण, चिकन, अंडी पोटभर खावीत. "मांसाने किडनी बसते" हे सरसकट सांगू नका. विरोध असेल तर आकड्यांनी करा.

गिलकीची भाजी
आकड्यांनीच करते. "पोटभर" हे माप नाही.
७० किलोच्या माणसाला आयसीएमआरच्या ०.८३ ग्रॅम प्रतिकिलो हिशोबाने ५८ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून १.२ ते १.६ धरा, म्हणजे ८४ ते ११२ ग्रॅम. अर्धा किलो बिनहाडाचं मटण एकटंच १०० ग्रॅम देतं. वर चार अंडी (२४) आणि १०० ग्रॅम पनीर (१८) खाल्लं की गरज कधीच ओलांडली. जास्तीचं प्रोटीन साठत नाही. यकृत त्यातला नायट्रोजन काढून युरिया करतं, उरलेल्यातून काही ग्लुकोजही बनवतं. भाकरी सोडूनही काहींची उपाशीपोटीची शुगर हलत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं.
दुसरं. परदेशी लो-कार्बचे सल्ले चरबीदार गोमांस समोर ठेवून लिहिलेले असतात. आपल्याकडे मटण म्हणजे बकरा. रानेचं, म्हणजे मांडीचं, साफ केलेलं मांस १०० ग्रॅमला जेमतेम २-३ ग्रॅम चरबी देतं. चिकन तर आपण कातडी सोलूनच आणतो. अर्धा किलो रानेतून ५५० च्या आतच कॅलरी मिळतात. भाकरी नाही, तेलाची भीती, मग भूक भागवायची कशाने? चौथ्या दिवशी माणूस रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत सापडतो. कॅलरीच्या ३५ टक्क्यांहून जास्त प्रोटीन बरेच दिवस खाल्लं तर मळमळ, जुलाब, थकवा सुरू होतो.
तिसरं, मांसात फायबर शून्य. हवं २००० कॅलरीला ३० ग्रॅम.

शेगडी
भूक लागते म्हणून तर चाप (बरगडी) आणि सीना (छाती) घ्या, रान नको. चरबी चाप-सीन्यातच असते.

गिलकीची भाजी
आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल?

गोळी-पुडी
मधेच बोलतो, कारण हे आधी यायला हवं होतं. मधुमेहाची औषधं चालू असताना कार्ब एका दिवसात तोडू नका.
ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि ताटातून पोळी गेली, की त्याच रात्री शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून आधी कमी करून घ्यायचा, मग पोळी काढायची.
याहून फसवं प्रकरण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं. त्या शुगर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यात कार्ब तुटले की कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) चढत जातात आणि कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो, मीटरवर मात्र शुगर २५० च्या खालीच दिसते. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर "डाएटची सवय होतेय" म्हणून घरी बसू नका, इस्पितळ गाठा. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, ती बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे मुख्य कीटोन पकडत नाही. रक्तातले कीटोन तपासा. लो-कार्बमध्ये ०.५ ते ३ मिलिमोल नेहमीचे. त्यावर जात असतील आणि तब्येत बिघडलेली असेल तर घाई करा.
बीपीची गोळीही बघून घ्या. इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ आणि पाणी सोडते, बीपी खाली येतो, उठताना चक्कर येते. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी बहुधा याचीच, मीठ घातलेल्या सूपने ती जाते. पण टेल्मिसार्टन चालू असेल तर पोटॅशियमवालं "लो-सोडियम" मीठ मनाने वापरू नका.

शेगडी
गोळी-पुडीसाहेब, सगळं मान्य. पण हा दोष कार्ब तोडण्याच्या पद्धतीचा झाला, मटणाचा कुठे?

रामबागवाला
मटणाचाही घ्या की, भिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात (कॅन्सर होतो हे सिद्ध) टाकलं, लाल मांस २-ए (बहुधा होतो) मध्ये. बकरा लाल मांसातच मोडतो.

शेगडी
पहिला गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीमागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, तोही मूळ धोक्याच्या १८ टक्के. ताज्या मांसाबाबत पुरावा मर्यादित म्हणून तर २-ए. शिवाय यातले बरेच अभ्यास पाश्चात्त्य लोकांवरचे, त्यांचं मांस पाव, बटाटे आणि कोल्ड्रिंकसोबत पोटात जातं.
शिजवण्याची रीतही बघा. मांस निखाऱ्यावर करपवलं, चरबी ठिबकून धूर झाला, की नको ती रसायनं बनतात. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास राहतं आणि मांस पाण्यात असतं, काळं पडत नाही. आपला रस्सा यात कबाबापेक्षा बरा. फ्रोझन नगेट आणि कबाब मात्र वगळाच, त्यात ब्रेडचा चुरा आणि स्टार्च असतो, लो-कार्बही राहत नाही.

लाल नळी
एलडीएलवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.
कार्ब कमी केले की ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं चढतं, हे बहुतेकांत दिसतं. एलडीएलचं तसं नाही. कुणाचं जागेवर राहतं, कुणाचं भलतंच वाढतं, आणि भलतंच वाढणाऱ्यांत सडपातळ माणसं जास्त. ज्यांना वजन उतरवायचंच नाही त्यांनी हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.
सुरू करण्याआधी लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीची तपासणी) करा. पुन्हा तीन महिन्यांनी. वजन झपाट्याने उतरत असताना लिपिड केलं तर आकडा दिशाभूल करतो. जमल्यास एपो-बी (एलडीएलसारख्या वाईट कणांची संख्या) करा, आणि लिपोप्रोटीन-ए (आनुवंशिक धोका) आयुष्यात एकदा. रक्त कमी असेल, म्हणजे लोह कमी, तर एचबीए१सी खोटं जास्त येतं. अल्ब्युमिन आधीच वाढलेलं असेल तर शेगडींचं "पोटभर" तुमच्यासाठी नाही. मुतखडा किंवा गाउट होऊन गेलेल्यांसाठीही नाही.

गिलकीची भाजी
आता चाप-सीन्याकडे येते, आणि रश्शातल्या वाटणाकडे. रानेच्या रश्शात संपृक्त चरबी येते कुठून? सुक्या खोबऱ्यातून. ५० ग्रॅम खोबरं म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी. २००० कॅलरीत तिची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम. चार माणसांत वाटलं तर ठीक, पण शेगडीसाहेब रस्सा वाटीने नाही, पातेल्याने मोजतात! वर सीना घेतला तर बघायलाच नको.
आणि मटण भाज्यांची जागा घेत असेल तर माझा विरोध कायम. गिलकी (घोसाळी), दुधी, पालक, फुलकोबी मिळून रोज ४०० ग्रॅम तरी. दोन मोठे चमचे अळशीतून ५ ग्रॅम फायबर येतं. नीमच-मंदसौरचा इसबगोल आपल्या दारातच आहे: ५ ग्रॅम भुसा, मोठा ग्लासभर पाणी, औषधांपासून दोन तास लांब. पाणी कमी पडलं तर तोच अडकतो. इसबगोलने एलडीएलही थोडं उतरतं.

रामबागवाला
स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ जण होते, वर्षभर. लो-कार्बवाल्यांचं ६ किलो उतरलं, लो-फॅटवाल्यांचं ५.३. फरक नगण्य. दोघांनाही साखर-मैदा सोडून भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. मग एवढा खटाटोप मटणासाठीच का?

शेगडी
ती वजनाची चाचणी, आणि त्यात मधुमेही घेतलेच नव्हते. मी शुगरबद्दल बोलतोय.
खोबऱ्याचा मुद्दा घेतो. पण ते काढलं तर रस्सा दाट व्हायचा कशाने?

गिलकीची भाजी
खसखस. अर्धा किलोला २५ ग्रॅम, अर्धा तास गरम पाण्यात भिजवून बारीक वाटा. साधारण १० ग्रॅम चरबी, त्यात संपृक्त दीड ग्रॅमच्या आत. कांदा दोनऐवजी एक.

शेगडी
खसखस चालेल, कांदाही एक. मटणाचं माप मात्र लाल नळीताईंचा तीन महिन्यांचा रिपोर्ट ठरवेल, तुम्ही नाही.