बेहड्याची फळे की हस्तिदंती फासे? प्राचीन द्यूताविषयी एक प्रश्न

प्रश्न (पैठणहून एक लेखक)

सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे जुन्या पैठणशी, साम्य असलेल्या एका कल्पित नगरीत घडणारी अद्भुतकथा मी लिहीत आहे. तिच्यातील राजा द्यूतात राज्य गमावतो आणि नेमक्या याच प्रसंगावर लेखन अडले आहे. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळतानाचे शिल्प असून त्यांच्या खाली गण नंदीची खोडी काढत आहेत. पण खेळाचे नियम काही त्या दगडातून कळत नाहीत. सभापर्वात शकुनी म्हणतो की युधिष्ठिराला द्यूत प्रिय आहे, पण त्याला खेळता येत नाही. द्यूत हा केवळ दैवाचा खेळ असेल तर ‘खेळता येणे’ याला अर्थ काय उरतो? प्रत्येक वेळी कपट हेच उत्तर द्यावे लागणार असेल, तर कथेतला राजा फारच भोळा ठरेल आणि ते मला नको आहे.

प्रतिसाद १ (नांदेड)

आपली अडचण सहा बाजूंचा फासा डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे निर्माण झाली असावी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात, जिथे जुगारी आपल्या उद्ध्वस्त संसाराची कैफियत मांडतो, तिथे अक्ष, म्हणजे द्यूताचे फासे, ही बेहड्याची फळे आहेत. त्रिफळ्यातला हाच तो बेहडा, आणि आमच्या किनवटच्या जंगलात तो मुबलक आढळतो. वाळलेले फळ हातात घेऊन पाहावे: त्याला अंधूक कडा असतात, पण ज्यांवर ठिपके कोरता येतील अशा सपाट बाजू नसतात, त्यामुळे ‘वर कोणती बाजू आली’ हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच सूक्तात या अक्षांचा समूह त्रेपन्नांचा, किंवा दुसऱ्या अर्थाने दीडशेचा, सांगितला आहे. अभ्यासकांनी यावरून खेळाची जी मांडणी केली आहे ती अशी: ढिगातून फळे उचलायची किंवा टाकायची आणि त्यांच्या संख्येला चाराने भागायचे. बाकी काहीच उरली नाही तर कृत, म्हणजे सर्वोत्तम दान. तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर आणि एक उरल्यास कली.

असा खेळ असेल तर ज्याची नजर ढीग पाहताक्षणी मोजते, तो जिंकतो. वनपर्वातील नलकथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर 2095 फळे आहेत असे सांगतो. त्याचा सारथी झालेला नल रथ थांबवून झाड तोडतो, फळे मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात नलाला अक्षहृदय, म्हणजे द्यूताचे मर्म जाणण्याची विद्या, मिळते आणि त्याच क्षणी त्याला झपाटणारा, त्याच्या देहातला कली बाहेर पडून त्याच झाडात शिरतो. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या राजाला मोजणीची विद्या मिळावी आणि तीही बेहड्यापाशी, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. पुढे बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाही हे अक्षहृदय देतात, म्हणजे शकुनीने दाखवलेली उणीव महाभारतच भरून काढते.

प्रतिसाद २ (लातूर)

वैदिक काळापुरते हे विवेचन मान्य आहे, परंतु ते संपूर्ण महाभारताला लावणे धाडसाचे होईल. विराटपर्वात अज्ञातवासासाठी विराट राजाकडे कंक या नावाने वावरण्याचा बेत सांगताना युधिष्ठिर वैडूर्य रत्न, सोने आणि हस्तिदंत यांच्या सोंगट्यांचा आणि काळ्या-तांबड्या अक्षांचा उल्लेख करतो. हे वर्णन ढीग मोजण्यापेक्षा पटावरच्या खेळाला अधिक जुळते. त्याच पर्वात विराट राजा संतापून कंकाच्या तोंडावर अक्ष फेकून मारतो आणि त्याच्या नाकातून रक्त येते. बेहड्याच्या फळाने एवढी इजा होणे जरा अवघडच! शिवाय हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे ठिपक्यांचे घनाकार फासे सापडलेले आहेत, आणि ऐतिहासिक काळातील तक्षशिलेच्या उत्खननात हाडांचे व हस्तिदंताचे लांबट फासे मिळाले आहेत. अनेक शतके रचले जात असलेल्या ग्रंथात दोन्ही प्रकारचे खेळ एकमेकांत मिसळले असावेत. आपली नगरी सातवाहनकालीन वाटावी अशी इच्छा असेल, तर राजाच्या हाती चार बाजूंचे लांबट फासेच द्यावेत.

प्रतिसाद ३ (छत्रपती संभाजीनगर)

फासा कोणताही असो, तो कोणाचा आहे हे अधिक महत्त्वाचे. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा ‘पण’ (त्या काळचे नाणे) दंड व्हावा, अध्यक्षाने दिलेले अक्ष बदलणाऱ्यासही तेवढाच दंड व्हावा, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच शासनाने घ्यावेत, असे तेथील नियम आहेत. एकाच ठिकाणी खेळवण्यामागे गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा छडा लावण्याचाही हेतू सांगितला आहे, त्यामुळे हेरगिरीचा धागा आपल्याला आयताच मिळेल.

जाता जाता एक विनंती आहे. पित्याच्या अस्थींपासून बनवलेले शकुनीचे फासे कृपया कथेत आणू नयेत. ती लोककथा रंगतदार असली तरी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही, आणि आता ती फार वापरून झाली आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. बेहड्याचाच खेळ ठेवावा असे ठरवत आहे, कारण आमची नगरी कल्पित असल्याने तेथे जुनी रीत टिकून राहिलेली दाखवता येईल. शिवाय मोजणाऱ्यासमोर दैवावर विसंबून बसलेला राजा भोळा न वाटता गर्विष्ठ वाटेल. द्यूताध्यक्षालाही कथेत घेतो. फक्त डाव संपूर्ण राज्याचा असेल, तर त्याने शेकडा पाच म्हणून जिंकणाऱ्याकडून किती गावे मागायची, आणि मुळात ती कोणत्या राजाच्या कोठारात जमा करायची?

प्रतिसाद ३ (छत्रपती संभाजीनगर)

नव्या राजाच्याच. जुन्या राजाचा द्यूताध्यक्ष डाव संपताच नव्याची चाकरी पत्करतो, हे दाखवण्यासाठी मात्र एक स्वतंत्र प्रकरण लिहावे.