बेरड : बे-डर की आणखी काही?

प्रश्न : परवा एका लग्नात एकानं छातीठोकपणे सांगितलं, 'बेरड' म्हणजे बे-डर, ज्याला डर नाही तो. आमच्या बेळगावात तर ही सरळ शिवी. "मघापासून सांगूलोय, ऐकूलास काय गा? बेरड झालाय नुसता!" निडरचा निगरगट्ट झाला कसा?

उत्तर : बे-डर ही फोड ऐकायला झकास, पण ओढूनताणून बसवलेली. कन्नडमध्ये शिकाऱ्याला 'बेड' म्हणतात, अनेकवचन 'बेडरु'. तमिळमध्ये त्याचाच भाऊ 'वेडन'. फारसी 'बे' इथं कुठून येणार? बेडरचं बेरड होताना ड आणि र यांनी फक्त जागा बदलल्या, नुकसानाचं नुस्कान होतं तसं.

म्हणजे हे मुळात एका समाजाचं नाव. कर्नाटकातल्या सुरपूरचे राजे, म्हणजे तिथले नायक, याच समाजाचे. 1705 मध्ये त्यांच्या वागिनगेरा किल्ल्याच्या वेढ्याला खुद्द औरंगजेब आला होता. नोव्हेंबर 1857 मध्ये मुधोळजवळच्या हलगलीत हत्यारं जमा करायच्या हुकमाविरुद्ध बेडर उठले. त्यावरचे कन्नड पोवाडे आहेत, आपण मराठी मंडळी ते ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला आणि पोरगं जन्मलं की संशयित, अशी गत झाली. 1952 ला कायदा गेला, शिवी मात्र तोंडात राहिली. माझं मत असं, की रोज चौकशी, रोज मार खाणारा माणूस शेवटी बोलण्याला दाद देईनासा होतो. मारणाऱ्यानं त्यालाच 'बेरडपणा' म्हटलं.

सीमेची गंमत बघा. महाराष्ट्रात 'बेरड' विमुक्त, म्हणजे त्या गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सोडवलेल्या जातींच्या यादीत, तर कर्नाटकात बेड, बेडर 1991 पासून अनुसूचित जमातीत. इकडं बेळगावकडं या समाजाचे लोक स्वतःला नायक किंवा वाल्मीकी म्हणवतात. बेळगावजवळच्या यमनापूरच्या, याच समाजातल्या भीमराव गस्तींनी मात्र आत्मकथनाला मुद्दाम 'बेरड' हेच नाव दिलं.

पोरांना रागवायला 'कोडगा' आहे की, 'निगरगट्ट' आहे.

प्रश्न : आणि बाजारात "ब्याड री" म्हणतात ते? ते याच्यातलंच काय?

उत्तर : नाही हो. ते 'नको'. कन्नडमध्ये लिहायला दोन्ही 'बेड'च, पण शब्द दोन वेगळे.