सेलिनक्स बंद करा म्हणे!

रूटकाका: "नवा सर्व्हर हाती आला की आधी सेलिनक्स बंद करा, फेल-टू-बॅन टाका, एसएसएचचा (दुरून लॉगिन करायच्या सोयीचा) पोर्ट (दाराचा नंबर) बदला, झालं काम." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. सेलिनक्स म्हणजे लिनक्सचा पहारेकरी, कुठला प्रोग्राम कशाला हात लावेल ते तो ठरवतो. फेल-टू-बॅन लॉग वाचून आयपी अडवतो, बास. वेबसाइटच्या भोकातून कोणी आत शिरलाच, तर त्याला कोण आवरणार? २०१९ चा रनसीचा, म्हणजे कंटेनर (वेगळ्या कप्प्यातले प्रोग्राम) चालवणाऱ्या प्रोग्रामचा बग विसरलात? कंटेनरमधून थेट होस्ट, म्हणजे खालचं अख्खं मशीन ताब्यात जात होतं. रेड हॅट लिनक्सवर ज्यांचा सेलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये (खरंच अडवणाऱ्या मोडमध्ये) होता, ते वाचले.

साधा अ‍ॅडमिन: पोस्ट माझीच. काका, तुम्हाला पगार सेलिनक्सचा मिळतो, मला साइट चालू ठेवायचा. मध्यरात्री ४०३ ('परवानगी नाही'ची एरर) येत होता. परमिशन बरोबर, मालक बरोबर, वैतागून ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) सुद्धा देऊन पाहिलं. शेवटी सेटएन्फोर्स शून्य केलं, म्हणजे सेलिनक्सची अडवणूक थांबवली, आणि साइट उठली. तेव्हापासून रामराम.

रूटकाका: फाइल होममधून एमव्ही केली (हलवली) असणार. सेलिनक्सचं जुनं लेबल तसंच चिकटून येतं. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसला मोठा झेड लावला असता तर दिसलं असतं. रिस्टोरकॉन मारायचं, लेबल ठीक होतं, काम संपलं. आणि ७७७ दिलंत हे चारचौघांत सांगू नका.

डेबियनवाली: म्हणून अ‍ॅपआर्मर, सेलिनक्सचा दुसरा पर्याय, बरा. प्रोफाइल (एकेका प्रोग्रामच्या नियमांची फाइल) उघडली की वाचता तरी येते. डेबियन लिनक्सने आवृत्ती १० पासून तोच चालू ठेवून दिलाय.

रूटकाका: आणि ज्या प्रोग्रामला प्रोफाइलच नाही तो मोकाट!

डेबियनवाली: तुमच्या टार्गेटेड पॉलिसीत (सेलिनक्सच्या नेहमीच्या नियमांत) लॉगिन केलेला युजर अनकन्फाइन्डच, म्हणजे मोकळाच असतो ना? मग?

रूटकाका: हं. तेवढं खरंय.

पोर्टविरोधक: मूळ मुद्दा सोडून सगळं चाललंय. पोर्ट बदलणं ही सुरक्षा नव्हेच! पासवर्ड लॉगिन बंद करा, की (किल्लीची फाइल) वापरा, मग एसएसएचच्या मूळ पोर्टवर, २२ वर कोणी कितीही डोकं आपटू दे.

साधा अ‍ॅडमिन: की आहेच हो. पोर्ट लॉगसाठी बदललाय. २२ वर असताना लॉगमध्ये बॉटांच्या कचऱ्याशिवाय काही दिसायचंच नाही.

पोर्टविरोधक: आणि १०२४ च्या वरचा पोर्ट कुठलाही फालतू युजर पकडू शकतो. एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम) पडला की तिथे नकली बसवता येतो.

डेबियनवाली: होस्ट की (सर्व्हरची ओळख) जुळणार नाही, एसएसएच बोंब मारेल.

पोर्टविरोधक: ती बोंब ऐकतं कोण? आमच्या टीममध्ये नोन-होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांच्या फाइलमधली) ओळ उडवायची आणि पुढे जायचं, हीच रीत!

डेबियनवाली: मग दोष पोर्टचा की तुमच्या टीमचा?

पोर्टविरोधक: टीमवर जायचं काम नाही.

रूटकाका: एक मिनिट. अ‍ॅडमिन, पोर्ट बदलल्यावर एसएसएचडी उठलाच नसेल ना? सेलिनक्स अनोळखी पोर्ट पकडू देत नाही.

साधा अ‍ॅडमिन: नाही उठला. बंद करायचं तेही एक कारण.

रूटकाका: अहो, सेलिनक्सला पोर्ट ओळखीचा करून द्यायला सीमॅनेजची एक ओळ!

साधा अ‍ॅडमिन: जे मिनिमल इन्स्टॉलमध्ये नसतंच. आधी त्याचं लांबलचक नावाचं पॅकेज शोधा. बरं, तुमच्या समाधानासाठी परमिसिव्ह ठेवतो. अडवणार नाही, नुसतं लॉगमध्ये लिहील. पण पोर्ट २२ वर आणणार नाही, सांगून ठेवतो.