चाकूच्या मुठीचा टवका, कपचा की ढलपी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : भाजी चिरायचा चाकू फरशीवर पडला आणि लाकडी मुठीचा कोपरा फुटला. रिबिटाच्या खालचा नखाएवढा तुकडा गेलाय, पातं शाबूत आहे. दुरुस्ती घरीच करणार आहे, पण गाडी शब्दावर अडलीय. मी म्हणतो टवका उडाला. आई म्हणते कपचा निघाला. लक्ष्मीपुरीतला हार्डवेअरवाला विचारतो, "चीर गेलीय काय?" यातला बरोबर शब्द कोणता? आणि ती जागा भरायची, बुजवायची की सांधायची?

उत्तर (मंगळवार पेठ, सुतारकाम) : तिघांचे तीन शब्द म्हणजे तीन वेगळे आजार आहेत. औषधही वेगळं.

टवका म्हणजे आपटून उडालेला लहान तुकडा, आणि मागं राहिलेल्या खड्ड्यालाही टवकाच म्हणतात. कपाचा टवका, भिंतीचा टवका, इनॅमलच्या ताटाचा टवका. तुकडा बहुतेक सापडतच नाही, म्हणून टवका 'भरायचा'.

कपचा पातळ आणि चपटा. दगडाचा निघतो तसा लाकडाचाही निघतो. ढलपी त्याची बहीण, पण ती फक्त लाकडाची आणि लाकडाच्या रेषेनं सुटणारी. वाकसानं तासताना पडतात त्या ढलप्या. कपचा किंवा ढलपी हातात असेल तर भरायचा प्रश्नच नाही, ती जागेवर 'चिकटवायची'. कडा जुळल्या तर सांधा शोधावा लागतो.

चीर म्हणजे काही गेलेलं नाही, लाकूड नुसतं फाकलंय. ती 'सांधायची'. आत चिकटद्रव्य घालायचं आणि दोरा करकचून गुंडाळून दाबून ठेवायचं. चिरेवर वरून लांबी (पुट्टी) फासून काही होत नाही. आत पोकळ राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात लांबीसकट फाकतं.

तुमचा तुकडा सापडलाय का?

प्रश्नकर्ता : नाही. झाडूबरोबर गेला.

मंगळवार पेठ : मग टवका. आईंना सांगा, कपचा त्यांच्या केरात गेला, आपल्याकडं टवका राहिला.

उत्तर (कसबा बावडा) : आमच्यात टवकाच म्हनत्यात. 'बुजवला' खड्ड्याला, 'लिंपलं' चुलीला, 'भरला' टवक्याला. मी तर सरळ एमसील लावते. दोन्ही कांड्या सारख्या घ्यायच्या, रंग एक होईस्तोवर मळायच्या, दाबून बसवायचं आन एक दिवस हात लावायचा न्हाई. दिसतंय बेंगरूळ, पर टिकतंय. माझ्या खुरप्याच्या मुठीचं तीन पावसाळं झालं, हाललं न्हाई.

मंगळवार पेठ : ताई, खुरप्याला चालतंय. स्वयंपाकघरातल्या चाकूला जरा रूपही हवं. सागाचा किंवा शिसवीचा बारीक भुसा घ्यायचा, मुठीचं लाकूड असेल त्याचाच. दोन नळ्यांचं इपॉक्सी सारख्या मापात कालवायचं आणि त्यात भुसा घालून थालीपिठाच्या पिठापेक्षा घट्ट करायचं. खड्डा थोडा उंच भरायचा, कारण नंतर घासायचं आहे. इपॉक्सीनं भुसा काळवंडतो, म्हणून भुसा मुठीपेक्षा एक छटा फिका निवडावा. पांढरं फेव्हिकॉल इथं नको. रोज पाण्यात जाणाऱ्या वस्तूवर ते टिकत नाही.

हे सगळं करायच्या आधी पात्याला जाड कागद गुंडाळून वर चिकटपट्टी मारा. मूठ घासताना हात पात्याकडंच सटकतो.

प्रश्न (शाहूपुरी) : मधेच विचारतो. चाकूला 'मूठ'च का? आमच्या घरी 'दांडा' म्हणतात. आणि पोरं 'हँडल'.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, ताराबाई पार्क) : वस्तूचं नाव हातानं ठरवलंय. जे एका पंज्यात मावतं ती मूठ. शब्दही 'मुष्टि'वरूनच आलाय. चाकू, खुरपं, कोयता, तलवार, कानस यांना मूठ. जे लांब असतं आणि कुठंही धरता येतं तो दांडा : कुऱ्हाड, कुदळ, फावडं, झारा, पळी. कढईला आणि कपाला कान. दांडपट्ट्याला यातलं काहीच नाही, त्याला खोबळा. कोपरापर्यंतचा हात त्यात जातो, म्हणून शब्दही वेगळा. आपल्याकडं मर्दानी खेळ शिकणारं लहान पोरही हे सांगेल. 'हँडल' दरवाजाला आणि सायकलला ठेवा, तिथं त्यानं बस्तान बसवलंय.

आणि लिहिताना : 'मूठ' दीर्घ, पण 'मुठीचा', 'मुठीला' ऱ्हस्व. 'चीर', पण 'चिरेवर'. सामान्यरूपात उपान्त्य ऱ्हस्व होतो. दुकानांच्या पाट्यांवर 'मूठीचे' वाचून मला अजून त्रास होतो, पण तो माझा प्रश्न.

शाहूपुरी : सर, आणि मुठीच्या आत पात्याचा जो भाग शिरलेला असतो, त्याला काय म्हणायचं?

उत्तर (उद्यमनगर) : वर्कशॉपमधे टँग. आयटीआयला कानशीचे भाग शिकवताना फळ्यावर टँगच लिहितात. घरात कुणाला सांगायचं झालं तर 'मुठीत शिरलेलं टोक' म्हणा, लगेच कळतं. पण प्रश्नकर्त्यानं तिथं नीट बघावं. दोन फळ्यांची रिबिट मारलेली मूठ असेल तर टवका वरवरचा आहे, खुशाल भरा. अखंड मुठीत टोक ठोकून बसवलेलं असेल आणि मूठ हलत असेल तर टवका भरून उपयोग नाही, आधी ढिलाई काढा. जुन्या सुऱ्यांमधे आत लाख भरलेली असते. टोक तापवून लाखेत खुपसायचं, थंड झालं की धरतं. अशी सुरी गरम पाण्यात टाकली की लाख सुटते, मग मूठ हातात आणि पातं भांड्यात. म्हणजे 'भरणे' हा शब्द इथंही आहेच, फक्त आतल्या बाजूला.

प्रश्नकर्ता : दोन फळ्यांचीच आहे, हलत नाही. भरलं काल. आता घासायला 'काचपेपर' मागू की 'पॉलिश पेपर'?

मंगळवार पेठ : दोन्ही चालतं, नंबर सांगा. आधी 80, मग 120, शेवटी 220. नंबर वाढतो तसा कागद मऊ होतो. रेषेच्या दिशेनंच घासा, आडवं घासलं की ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. बोट फिरवून बघा, सांध्यावर नख अडलं नाही की झालं. कुसळ राहिली तर ती पहिल्याच दिवशी तळहातात जाणार.

कसबा बावडा : वरनं शेंगतेल लावावं काय? घरात तेच हाय.

मंगळवार पेठ : नको. शेंगतेल सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. खोबरेलही तसंच, कधी सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून लाकडाला तेच. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसतेल 'बेलतेल' म्हणून मिळतं. ते लवकर सुकतं, पण त्यात सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या वस्तूला मी कच्चं जवसतेल सांगतो. दोन पातळ हात द्यायचे, मधे भरपूर दिवस जाऊ द्यायचे, जास्तीचं पुसून घ्यायचं.

ताराबाई पार्क : 'हात देणे' किती छान! रंगाचाही हात, तेलाचाही हात.

मंगळवार पेठ : सर, त्या पुसलेल्या चिंधीचंही सांगतो. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसतेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर मोकळी पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. आणि चाकू सिंकमधे भिजत ठेवायचा नाही. लाकूड फुगतं, सुकतं, पुन्हा फुगतं, आणि मग तो हार्डवेअरवाला म्हणाला ती चीर खरंच जाते.