पीटमधली जिवंत आणि मेलेली मुळं वेगळी कशी करायची? पोस्टडॉकच्या इंटरव्ह्यूसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीची. पीएचडी ठाणे खाडीतल्या तिवरांच्या मुळांवर केली, म्हणजे चार वर्षं ओहोटीची वेळ बघून चिखलात उतरायचं, कोअर (नळी खुपसून घेतलेला गाळाचा उभा नमुना) काढायचा, घरी येईपर्यंत अंगाला गाळाचा वास. आता बोर्निओतल्या पीटच्या (म्हणजे दलदलीत साचलेल्या, नीट न कुजलेल्या झाडपाल्याच्या थराच्या) जंगलात मुळांवर काम करायची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) आहे, त्यात शॉर्टलिस्ट झालेय, वीस दिवसांनी इंटरव्ह्यू, आणि त्याआधी मेथड्सची दोन पानं लिहून पाठवायची आहेत. तिथेच अडलेय.

खाडीच्या गाळात काम सरळ असतं. चाळणीवर पाणी मारलं की माती वाहून जाते आणि मुळं राहतात, मग ती पाण्यात टाकायची, जिवंत मुळांत हवेच्या पोकळ्या असतात म्हणून ती बरीचशी तरंगतात, मेलेली तळाला जातात. पण तिकडचं पीट मुळात बनलंय कशाचं तर मेलेल्या मुळांचं, लाकडाचं आणि पानांचंच. थंड देशात ते बरंचसं शेवाळाचं असतं, बोर्निओत झाडांचं. पाणी साचलेलं, ऑक्सिजन नाही, त्यामुळे हजारो वर्षांचा माल न कुजता पडून आहे, काही ठिकाणी १० मीटरपेक्षाही खोल. मग चाळणीवर राहिलेल्या ढिगातलं या वर्षीचं मूळ कुठलं आणि जुनं कुठलं, हे ओळखायचं कसं? रंग आणि ताण बघून (जिवंत ते फिकट आणि चिवट, मेलेलं काळपट, पटकन तुटणारं) हाताने निवडता येतं हे माहीत आहे, पण केसासारख्या बारीक मुळांना ते चालतं का? खरं काम तर तीच करतात.

दुसरं, इनग्रोथ बॅग. जाळीची पिशवी पुरून ठेवायची आणि वर्षभराने आत किती नवीन मुळं शिरली ते मोजायचं, हे मला पटतं. पण पिशवीत भरायचं काय? तिथलंच पीट निवडून घेतलं तरी जुने तुकडे राहणारच. नर्सरीत मिळतं ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं तर मुळं वेगळी करणं सोपं जाईल, पण त्यातला क्षार आणि अन्नद्रव्यं वेगळी, म्हणजे मुळं वेगळीच वागतील अशी भीती वाटते. कोणी वापरलंय का?

पारदर्शक नळीतून कॅमेरा सोडायची पद्धतही वाचली, पण पाणी चढउतार झालं की पीटचा पृष्ठभागच वरखाली होतो, नळी जागेवर राहते का?

हे इतकं खोदून विचारतेय कारण चर काढून पाणी उतरवलं की हेच पीट कुजतं, खचतं, पेटतं, १९९७ ला इंडोनेशियात पीटच्या केवढ्या आगी लागल्या ते आठवत असेलच. नवीन मुळांतून किती भर पडते हे नीट मोजलं नाही तर पाणी परत भरल्यावर ते सावरतंय की नाही हे सांगायचं कसं?

अजून एक, कोकणात बांबर्ड्याला मायरिस्टिकाची (जायफळाच्या कुळातल्या झाडांची) गोड्या पाण्याची दलदल आहे, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं असलेली. पीट नाही, पण बारीक मुळं निवडायचा हात बसवायला जावं का असं मनात आहे. वनखात्याच्या परवानगीला साधारण किती दिवस धरावेत? मुळं न तोडता नुसतं बघायला, फोटो काढायलाही अर्ज लागतो का?

पीटमध्ये प्रत्यक्ष हात घातलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा, अर्धवट अनुभव असला तरी चालेल.