मदत हवी आहे: छोटा, आवाज न करणारा डेस्कटॉप (विंडोज + लिनक्स)

शब्दसाचा
नमस्कार. टेबलाच्या कोपऱ्यात मावेल असा छोटा आणि आवाज न करणारा डेस्कटॉप हवा आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालले पाहिजेत. सध्याचा टॉवर इतका घोंघावतो की काम करणं अशक्य झालंय. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्यायचाच आहे, तेव्हा कृपया थेट मॉडेलचं नाव सांगा.

निळीवायर
बजेट किती? काम काय करता? लिनक्स कशासाठी, विंडोज कशासाठी? नवाच हवा की जुना चालेल? एवढं कळल्याशिवाय मॉडेल कसं सांगणार?

डोंगरवाट
मॅक मिनी घ्या आणि मोकळे व्हा. एम४ वाला माझ्या टेबलावर आहे. पंखा आहे की नाही, कळत नाही.

निळीवायर
डोंगरवाट, धागाकर्त्याला दोन सिस्टीम हव्या आहेत. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूटकॅम्प (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) नाही. मॅकसाठीचं ‘असाही’ नावाचं लिनक्स एम१ आणि एम२ साठी आहे, एम४ वर चालत नाही.

डोंगरवाट
पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज छान चालतं. रोज वापरतो, म्हणून सांगतोय.

शब्दसाचा
मॅक नको. बजेट पंचवीस हजार, मॉनिटर-कीबोर्ड आहेत. घरी श्राव्य पुस्तकांचं रेकॉर्डिंग करतो, ते लिनक्सवर आर्डोर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. विंडोज पेजमेकर (पानं मांडायला) आणि श्रीलिपी (मराठी फाँट व टायपिंग) यांच्यासाठी. जुना चालेल, पण कोणता?

वडाचीसावली
रेकॉर्डिंग! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ऑफिसच्या कामाला शांत वाटणारं मशीन मायक्रोफोनला शांत नसतं. माझं मत: पंखाच नसलेला मिनी पीसी घ्या, इंटेल एन१०० चा. चिप ६ वॅटची, पत्र्याची पेटीच उष्णता बाहेर टाकते. वाचनाच्या रेकॉर्डिंगला चार कोर भरपूर झाले. त्यात साधी हार्ड डिस्क मात्र बसवू नका, एसएसडीच.

निळीवायर
असहमत. मे महिन्यात छताचा पंखा बंद करून बंद खोलीत ती पेटी हात लावू देत नाही, आणि तापली की चिप वेग कमी करते. वर मेमरीचा एकच चॅनल. त्यापेक्षा कंपन्यांतून निघालेले एक लिटरवाले (साधारण एक लिटर आकारमानाचे) मिनी घ्या: लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो. आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. प्रोसेसरच्या नावामागे टी असलेला बघा, उदा. आय५-८५००टी. तो ३५ वॅटचा. अडॅप्टर बाहेर असतो, म्हणजे पॉवर सप्लायच्या पंख्याचा प्रश्नच नाही.

वडाचीसावली
प्रोसेसरचा पंखा आहे ना पण! तीन-चार वर्षं ऑफिसची धूळ खाल्लेला. शांत खोलीत तो बारीक शिट्टीसारखा ऐकू येतो.

निळीवायर
उघडून साफ करायचा, थर्मल पेस्ट नवी लावायची. थिंकसेंटरच्या बायोसमध्ये कमी आवाजाचा पर्यायही असतो. मी दोन मशीनवर केलंय.

मीठभाकर
मूळ प्रश्न वेगळाच आहे. श्रीलिपी आणि पेजमेकर अजून कशाला? पेजमेकर ७ हे २००१ चं. मजकूर युनिकोडमध्ये आणा, स्क्रायबस १.६ या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट येतात. मग विंडोजच लागणार नाही.

शब्दसाचा
मीठभाकर, आमच्या छापखान्याला पेजमेकरचीच फाइल लागते आणि जुन्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या त्याच फायलींतून निघतात. शेकडो पानं रूपांतर करून परत तपासायला माणूस नाही. हा विषय इथे नको, विनंती.

मीठभाकर
रूपांतर आज नाही तर उद्या करावंच लागेल. त्या फायली उघडणारं मशीन कायम मिळणार नाही. पुस्तकं टिकावीत म्हणून कळकळीनं सांगतोय.

रातकिडा
श्रीलिपीला यूएसबी लॉक (जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती यूएसबी किल्ली) आहे का? असेल तर सगळं त्यावर ठरेल. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे लॉकचा ड्रायव्हर ६४-बिट हवा. आणि मॅकवरच्या विंडोजमध्ये तर इंटेलसाठीचा ड्रायव्हर बसणारच नाही.

शब्दसाचा
लॉक आहे. सध्या विंडोज १० वर चालतं, ६४-बिट.

रातकिडा
मग चांगलं. खरेदीला जाताना लॉक बरोबर न्या आणि दुकानात विंडोज ११ वर लावून बघा. दोन वेगळे एसएसडी ठेवा, एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. थिंकसेंटर एम९२०क्यू मध्ये एक एम.२ (पट्टीसारखा छोटा एसएसडी) आणि एक अडीच इंची सॅटा एसएसडी बसतो. एलिटडेस्क ८०० जी४ मिनीमध्ये एम.२ च्या दोन जागा आहेत. एकाच डिस्कवर दोन्ही टाकलं की विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर लिनक्स सुरू न होण्याचा त्रास होऊ शकतो. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येणार नाही. आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

ओपनखिडकी
दोन सिस्टीम कशाला? लिनक्स ठेवा, आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज. लॉक यूएसबीमधून आत देता येतं. रीस्टार्ट नाही, काही नाही.

रातकिडा
काही लॉक व्हर्च्युअल मशीन ओळखून नकार देतात. फुकट करून बघता येतं, बघा. पण त्यावर भिस्त ठेवून खरेदी करू नका.

वडाचीसावली
शब्दसाचा, मायक्रोफोन यूएसबीचा आहे की एक्सएलआरचा (स्टुडिओतल्या माइकची तीन पिनांची केबल)? एक्सएलआर असेल तर मशीन चक्क बाहेरच्या खोलीत ठेवा. ती केबल वीस मीटर नेली तरी बिघडत नाही. साधी यूएसबी केबल मात्र पाच मीटरच्या पुढे नको. मग पंखा आहे की नाही हा आमचा वादच मिटला.

शब्दसाचा
एक्सएलआर आहे! इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) बाहेर, माइक आत, हे होण्यासारखं आहे. दाराच्या फटीतून केबल जाते. मग पंखा नसलेला घेत नाही, एलिटडेस्क ८०० जी४ बघतो, दोन एसएसडीसह. लॉक बरोबर नेतो. शनिवारी दुपारी दुकानातूनच कळवतो.

डोंगरवाट
मॉनिटर आणि कीबोर्ड आतच राहणार ना? तेवढ्या लांब केबलचा विचार केलात का?

निळीवायर
लांब एचडीएमआय आणि वायरलेस कीबोर्डनं भागेल. शब्दसाचा, विंडोज आधी टाका, लिनक्स नंतर. आणि विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर मदरबोर्डचा सेल बदलत बसू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितली की झालं.

पाऊलखूण
धागा वर आलाच आहे तर विचारतो: उबुंटूवर जुना लेझर प्रिंटर ओळखत नाहीये. कुणी मदत करेल का?

रातकिडा
प्रिंटरचं मॉडेल कोणतं? आणि वेगळा धागा काढा.