मदत हवी आहे: जुन्या पीसीवर सीआर३ फाइल कशा उघडू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पीसी विंडोज ७ चा, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो नव्या कॅमेऱ्याने काढले, सगळे सीआर३ रॉ, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल. हा फॉरमॅट २०१८ सालचा, माझं सॉफ्टवेअर त्याआधीचं, म्हणून फाइल उघडतच नाहीत. जेपीईजीवर भागवलं असतं, पण उन्हातल्या पांढऱ्या बाराबंदीच्या चुण्या त्यात पार उडतात आणि मला नेमक्या त्याच हव्यात.

एसएसडी, ८ जीबी रॅम टाकून विंडोज १० घेऊ? त्याचाही सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. की लिनक्सवर डार्कटेबल हे रॉ फोटो एडिट करायचं मोफत सॉफ्टवेअर वापरू? इतक्या जुन्या मशीनवर कोणी प्रत्यक्ष चालवलं असेल तर कृपया सांगा. नवा पीसी दिवाळीपर्यंत तरी जमणार नाही.